दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, कोल्हापूर : पहिल्या पाच महिन्यांची नोंद

आतलं माप २४ × १२ × १५ इंच, काच ८ मिमी. वरून दीड इंच मोकळं सोडून, वाळू-दगड मांडून झाल्यावर मगाने मोजत पाणी भरलं तेव्हा ५८ लिटर बसलं. पुढचे सगळे हिशेब या ५८ वर आहेत. दुकानदार ‘सत्तर लिटरची टाकी’ म्हणतो तो आकडा रिकाम्या काचेचा असतो. त्यावरून मीठ किंवा औषध घातलं तर मात्रा वीस टक्क्यांनी चुकते. घरात मुलं दोन, एक सहावीत आणि एक तिसरीत. कामांची वाटणी त्या वयाप्रमाणे केली आहे.

फेब्रुवारी अखेर : स्टँड, काच, जागा

पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन नव्वद किलोच्या आसपास जातं, म्हणून टीव्ही युनिट किंवा भिंतीतली फळी नको. स्टँड शिवाजी उद्यमनगरात एक इंची चौकोनी पाइपचा करून घेतला, चारही पायांना लेव्हलचे बोल्ट आणि वरून पावडर कोटिंग. साधा ऑइलपेंट खाऱ्या पाण्यापुढे वर्षभर टिकत नाही. टाकीच्या कडेवर मिठाचं पांढरं पूट चढतं, ते ओल धरून खाली सरकतं आणि वेल्डिंगच्या जोडापासून गंज सुरू होतो. प्लायच्या वर १० मिमी थर्माकोल, त्यावर टाकी. साधं पाणी भरून ४८ तास गळती तपासली.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळल्या : थेट ऊन, स्वयंपाकघराची भिंत आणि देवघराची बाजू. फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर साय धरतो आणि हवेची देवाणघेवाण मंदावते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा धूर एअरपंप सरळ पाण्यात ओढतो, आणि डासांच्या औषधातली रसायनं माशांना व कोळंबीला घातक असतात. तांब्या-पितळेचं भांडं तर टाकीच्या आसपासही नको. तांब्याचा अंशसुद्धा गोगलगाई आणि कोळंबीला मारतो. पाण्यासाठी वेगळी प्लास्टिकची बादली आणि मग ठेवला, त्यावर मुलांनी मोठ्या अक्षरात ‘मासे’ लिहिलं.

घरात मुलं असतील तर विजेचं काम सर्वांत आधी उरकावं. प्लग टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला, प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोल, म्हणजे ओघळणारा थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. पाण्यात हात घालण्याआधी सगळे स्विच बंद, हा नियम मोठ्यांनाही.

दगड आणि वाळू

कोकण दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे ‘मालवणहून दगड आणि पाणी आणू’ ही सूचना हमखास येते. दोन्ही नको. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलणंही गुन्हा ठरतो. समुद्री घोडा आणि समुद्री काकडीही त्याच यादीत. किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचं गोडं पाणी, तेल, सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात क्षारता कुठल्या कुठे घसरते. शिवाय ६० लिटर समुद्राचं पाणी म्हणजे ६१ किलोपेक्षा जास्त ओझं घाट चढवायचं. मुलांना हा कायदा नीट सांगितला, कारण सहलीला गेल्यावर शिंपल्यांबरोबर प्रवाळाचा तुकडा खिशात टाकणारे हात तेच असतात.

कोरडा सच्छिद्र दगड ६ किलो, अॅरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू ७ किलो. वाळूचा थर जेमतेम इंचभर होतो आणि तेवढाच हवा.

दगड रचण्याचं काम पूर्ण मुलांचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर २४ × १२ चा आयत आखला, काचेपासून दोन इंचांची रेघ आत मारली (चुंबकाचा ब्रश फिरायला जागा लागते) आणि त्या रेघेच्या आत रचना केली. पाच-सहा वेळा ढासळली, सातव्यांदा धक्का देऊनही हलली नाही. मग तीच काचेच्या तळावर बसवली आणि वाळू नंतर ओतली. वाळूवर दगड ठेवला तर खाली उकरणारा मासा किंवा खेकडा तो पाडतो आणि काचेला चीर जाते.

१ मार्च : पाणी

नळाचं पाणी क्लोरीनचं, शिवाय त्यात नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट असतं. घरच्या आरओचं चालेल असं वाटतं, पण पिण्याच्या यंत्रात चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मुद्दाम वाढवलेला असतो. मीटरवर ५५ आला. मेंब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) निघालेलं पाणी मिनरलच्या कप्प्याआधीच वेगळ्या नळीने काढलं, पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं भांडं जोडलं, तेव्हा ० दिसला. मीटर २-३ दाखवायला लागला की रेझिन बदलायची वेळ.

मीठ मत्स्यालयाचंच. खडेमीठ किंवा आयोडिनचं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट त्यात नसतं. लिटरला ३७ ग्रॅम धरून ५८ लिटरला २ किलो १५० ग्रॅम. पहिल्यांदाच भरत असल्यामुळे टाकीत थेट मिसळलं. एकदा जीव आत आला की मीठ फक्त बादलीतच विरघळवायचं. आणि आधी पाणी, मग मीठ. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही.

क्षारता रीफ्रॅक्टोमीटरने मोजावी. धाकट्याच्या आवडीचं काम हेच : झाकण उघडायचं, दोन थेंब, झाकण मिटताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं, उजेडाकडे धरून निळा आणि पांढरा रंग मिळतात ती रेघ वाचायची. यंत्र ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवलेलं असावं. शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवलं तर ३५ च्या आसपास चूक राहू शकते. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटतात, काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं.

गाळणीला मागे टांगायचा फिल्टर, पाणी हलतं ठेवायला ताशी १५०० लिटरचा वेव्हमेकर पंप, १०० वॅटचा हीटर २५.५ अंशांवर. दुसऱ्या दिवशी क्षारता ३४.५, आणखी ३० ग्रॅम मीठ, तिसऱ्या दिवशी ३५.

मार्च : रिकाम्या टाकीचे पाच आठवडे

मुलांसोबत टाकी लावणारे बहुतेक जण इथेच घाई करतात, आणि आमच्या मते सगळ्या उपक्रमाचा गाभा हाच आहे. मुलांच्या हाती आधी मोजमाप द्यावं, मासा नंतर. मासा आधी आला की मोजमाप मागे पडतं आणि महिन्याभरात मासाही जातो.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाऊतून विषारी अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारी) आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात, म्हणून मासा येण्याआधी हे जिवाणू वाढवायचे. त्यांना खायला अमोनिया लागतो. तो अमोनियम क्लोराइडमधून दिला, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात धातूंची भेसळ असते. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. १० ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून बाटली भरली. या द्रावणाचे ३६ मिलि. ५८ लिटरमध्ये घातले की २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया होतो. द्रावण मोठ्यांनीच ओतायचं. पहिल्याच दिवशी बाजारात बाटलीत मिळणारे जिवाणूही घातले.

अमोनियाचं किट घेताना एक बघा : नेसलर पद्धतीच्या किटात पारा असतो, मुलांच्या हाती ते अजिबात नको. सॅलिसिलेट पद्धतीचं घ्यावं, तेही हातमोजे आणि चष्मा घालून. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि रंग फसवतो.

मोठीच्या वहीतून : दिवस ३, अमोनिया २, नळीत गडद हिरवं. दिवस ११, अमोनिया १, नायट्राइटला पहिल्यांदा जांभळट छटा. दिवस १९, अमोनिया ०.२५, नायट्राइट तक्त्याच्या शेवटच्या रंगापुढे. दुसरी मात्रा दिली. दिवस २७, अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राइट अजून आहे. दिवस ३४, तिसऱ्या मात्रेनंतर २४ तासांत दोन्ही शून्य, नायट्रेट २०.

शेवटच्या आकड्याची पडताळणी सहावीच्या गणितात बसते. १ पीपीएम अमोनियाचं पूर्ण रूपांतर झालं की सुमारे ३.६ पीपीएम नायट्रेट होतं. तीन मात्रांचे ६ पीपीएम, म्हणजे २२ च्या आसपास यायला हवं. किट २० दाखवतं, जुळलं. नायट्राइट शिल्लक असताना मात्र नायट्रेटचं किट फुगवून आकडा दाखवतं, तेव्हा तो वाचूच नये.

चौथ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पावडर बसली. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, नव्या दगडातल्या सिलिकेटवर वाढतात आणि ते संपलं की आपोआप ओसरतात. औषध घालू नका.

एप्रिल-मे : ऊन, पंखा आणि काचेवरची रेघ

दुपारी पाणी २९.५ वर जायला लागलं. चिलरऐवजी छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका लावला, दोन अंश उतरले. पण पंखा गारवा देतो तो पाणी उडवून, आणि उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. रोज १.१ लिटर घट होती. दोन दिवस भर घातली नाही तर ३५ चे ३६.४ होतात, चार दिवसांत जवळपास ३८.

उपाय साधा : पंप बंद करून काचेवर बाहेरून काळ्या टेपची बारीक पट्टी लावली. रोज सकाळी शाळेआधी धाकटा त्या रेघेपर्यंत शून्य टीडीएसचं पाणी मोजून घालतो आणि मिलिलिटर लिहितो. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे भर घालताना तयार खारं पाणी ओतणं. दोन्ही कॅन सारखे दिसतात. गोड्याला निळं झाकण, खाऱ्याला लाल.

एप्रिलच्या मध्यात, समुद्रातून न पकडता टाकीत पैदास केलेले दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश घेतले, एक मोठा, एक लहान. जोडीतला मोठा मासा मादी होतो, सारख्या मापाचे दोन घेतले तर मादी कोण यावरून भांडण लांबतं. रात्रीच्या प्रवासाने मागवले, दिवसाच्या उन्हात पिशवी तापते. पिशवी २० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवलं, पण उघडल्यावर तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसलो नाही. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पीएच खाली असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून विलगीकरणाच्या २० लिटरच्या डब्यातली क्षारता आधीच पिशवीच्या क्षारतेएवढी, २७ वर, आणून ठेवली होती. मासे लगेच हलवले आणि पुढे आठवडाभरात ३५ केली. चार आठवडे तिथेच, पांढरे ठिपके किंवा अंगावर चिकट थर दिसतो का ते बघत. तोवर मुख्य टाकीतले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर तीन दिवसांनी ९ मिलि. नवसागराचं द्रावण. मासे सोडण्याआधी ते बंद करून निम्मं पाणी बदललं.

निळ्या टँग माशाचा हट्ट झाला. त्याला सहा फुटी टाकी लागते, दोन फुटीत तो ठेवणं क्रूरपणा आहे, हे मुलांना टेपने सहा फूट मोजून दाखवावं.

खाऊ सात कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीत रविवारीच भरून ठेवतो, एका कप्प्यात एका दिवसाचे १ मिमीचे १८ दाणे, दोन वेळचे मिळून. कप्पा रिकामा तर खाऊ दिलेला आहे. जास्त खाऊ घालण्याचा प्रश्न यानेच सुटला.

मेच्या वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा पाणी थांबतं, आणि गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. बॅटरीचा एअरपंप भरलेला असावा. वीज परत आल्यावर फिल्टर पाणी ओढतोय ना हे हाताने बघा. पातळी रेघेखाली गेलेली असेल तर तो कोरडाच घरघरत राहतो.

जून-जुलै : दमट हवा

घट रोज २५० मिलि.वर आली, पंखा बंद. बाहेर २२-२३ अंश असल्याने हीटर उलट पावसाळ्यात जास्त चालतो.

मिठाचं पोतं मात्र बिघडलं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं, मिठाचे गठ्ठे होतात. दर आठवड्याच्या ६ लिटर पाणीबदलाला २२२ ग्रॅम मोजून घातले तरी क्षारता ३३ भरली, कारण वजनात पाणीही आलं. आता मीठ रबरी कडेच्या हवाबंद डब्यात असतं आणि वजनावर न थांबता रीफ्रॅक्टोमीटरने ३५ बघूनच बदल होतो. गठ्ठा झालेलं मीठ फोडून टाकीत वापरू नये. क्षार वेगवेगळे झालेले असतात, शिवाय आतले बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकमेकांशी जुळून साका धरतात.

खिडक्या बंद असल्याने घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच सकाळी ७.८ दिसला. पीएच चढवणारं बफर ओतायची गरज नव्हती, अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) ८.३ डीकेएच ठीकच होती. समोरची खिडकी तासभर उघडल्यावर संध्याकाळी ८.०.

जुलैच्या शेवटच्या रविवारची नोंद : क्षारता ३५, तापमान २५.६, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. पाच गोगलगाई, दोन मासे. मोठा क्लाउनफिश आता रात्री फिल्टरच्या बाजूच्या कोपऱ्यात, काचेला अंग टेकवून झोपतो. नायट्रेट आणखी चार आठवडे १० च्या वर गेलं नाही तर एक क्लीनर कोळंबी. तिच्यासाठी पाणी थेंबाने जुळवण्याची नळी मोठीने गाठ मारून आत्ताच तयार ठेवली आहे, सेकंदाला दोन थेंब.