पाण्याचा दिवस

मंगळवार, रात्र

आज पाण्याचा दिवस होता. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं, मग हाताला लागेल ते भांडं. न्हाणीघरात एक पिंप आणि आठ बादल्या, सगळ्या काठोकाठ. भरलेल्या बादल्या बघितल्या की मला इतकी वर्षं बरंच वाटत आलंय. पुढच्या काही दिवसांचा घोर मिटतो.

साडेदहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. पिल्लू, म्हणजे माझा नातू, शेजारी वाटी-चमचा वाजवत होतं. साडेदहा महिन्यांचा आहे, धरून उभा राहायला लागून आठवडाही झाला नाही. वाजवणं थांबलं हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी हातातली जुडी संपवली आणि मगच मान वर केली.

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो बादलीचा काठ धरून उभा होता, टाचा उचललेल्या, एक हात कोपरापर्यंत पाण्यात. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात हलत होतं, ते त्याला धरायचं होतं. छाती काठावर टेकलेली, मान आत झुकलेली. मी उचललं तेव्हा रडला, खेळ मोडला म्हणून. तोपर्यंत तोंडातून एक आवाज नव्हता.

घडलं ते एवढंच. पण दुपारभर मला जेवण गेलं नाही.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरीणबाई सूनबाईला हेच सांगत होत्या. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. मूल वाकलं की डोक्याकडून आत जातं. रिकामी बादली मुलाबरोबर कलंडेल, भरलेली हलत नाही. आणि हातांत वर उचलून घेण्याएवढा जोर नसतो. नाक-तोंड बुडेल एवढं पाणी पुरतं, पाच-सहा सेंटिमीटरसुद्धा. मी तेव्हा अर्धवट ऐकलं. बुडणारा माणूस ओरडतो, हातपाय आपटतो, आपण धावतो, अशीच माझी समजूत होती. मूल ओरडत नाही. घर शांत होतं, बस्स.

बुधवार

सकाळीच सुताराला बोलावून न्हाणीघराला बाहेरून कडी लावून घेतली, माझ्या खांद्याच्या उंचीवर. सूनबाई महिनाभर म्हणत होती, "आई, तेवढी एक कडी लावू या." मी म्हणत होते, "आमची मुलं वाढली नाहीत का?" आज मीच तिला कालचं सगळं सांगितलं. लपवावंसं क्षणभर वाटलं होतं. ती काही बोलली नाही, माझ्याजवळ येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुम्ही उठलात ना वेळेवर."

आमची मुलं वाढली, खरं आहे. पण पैठणच्या वाड्यात आम्ही तीन जावा होतो, सासूबाई दिवसभर ओसरीवर असायच्या. मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जायचं. जमिनीवर सोडलं तरी चार जणींचे डोळे असायचे. इथे नऊ ते सहा मी एकटी. मेथी निवडणारीही मी आणि बघणारीही मीच.

आणि सगळ्यांची वाढली असंही नाही. शेजारची एक दीड वर्षाची पोर बंबातून काढलेल्या कढत पाण्याच्या घंगाळात पडली होती. कुणी हळद लावली, कुणी शाई ओतली. ती वाचली नाही, आणि सगळे म्हणाले, तिचं आयुष्य तेवढंच होतं. मीही म्हणाले होते. इतक्या वर्षांनी ते वाक्य मला काल रात्री आठवलं आणि झोप उडाली. भाजलं तर साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. आता आमच्याकडे बादलीत आधी गार पाणी घेतो, मग कढत. आणि तापवायची कांडी माळ्यावर गेली, कायमची.

रविवार

आज मुलगा घरी होता. दोघं गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोल्या फिरलो. माझे गुडघे दुखले, पण पिल्लाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. दिवाणाखाली काय सापडलं: दोन शेंगदाणे, एक पिन, टिकल्या, वाजणाऱ्या खेळण्यातला बटणाएवढा चपटा सेल. आणि माझी बीपीची गोळी.

सेल बघून मुलाचा चेहरा उतरला. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्याने त्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. सेल संपलेला असला तरी. संशय जरी आला तरी ओकारी काढायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, एक्स-रे होईल अशा दवाखान्यात थेट जायचं. १०८ नंबर आता फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावलाय. त्या खेळण्याचं झाकण नुसत्या नखाने उघडत होतं. खेळणं टाकून दिलं.

पण मला लागली ती गोळी. ती माझ्या हातातून पडलेली. रोज सकाळी पेपर पसरून त्यावर गोळ्या काढून ठेवायची मला सवय, चहा झाला की घ्यायच्या. एक कधीतरी घरंगळली असणार, आणि मी दुसरी काढून घेतली असेन. मोठ्या माणसाचा दाब उतरवणारी ती एवढीशी गोळी दहा किलोच्याही आतल्या बाळाला किती भारी पडेल! आता डबा कपाटात वरच्या खणात, गोळी काढायची ती उभ्यानेच घ्यायची, ओट्यापाशी.

शेंगदाणे पाच वर्षांचा होईपर्यंत कुटाच्या रूपातच. चिवड्यातलेही.

संध्याकाळी मुलाने उशीवर दाखवलं: घास अडकला, खोकताही येईना, तर बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबायचं. पुन्हा थापट्या. न दिसणारा घास बोटाने उकरायला जायचं नाही, आणखी आत जातो. मी तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा मान नीट धरता आली.

पाणी बहुतेक मंगळवारी येईल. बादल्यांना घट्ट झाकणं सात मिळाली. आठवी बादली रिकामी करून उपडी घातली आहे.