बाबांचं शेवटचं आजारपण आणि पॅलिएटिव्ह केअर

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं काम करणाऱ्या डॉक्टरांना कधी बोलवायचं, याचं बहुतेक घरांत एकच उत्तर असतं: बाकीच्यांनी हात टेकले की. बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर मणक्यात आणि यकृतात पसरला होता, केमो चालू होती. अशात कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागदावर 'पॅलिएटिव्ह केअरकडे दाखवा' असं लिहून दिलं. दादाने तो कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आता काही करायचं नाही, असंच ना?" आईला एवढ्यात सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं. संध्याकाळी आईने फाईल लावताना तो कागद वाचला आणि विचारलं, "मग कधी जायचं यांच्याकडे?"

जायच्या आधी मी थोडं वाचून काढलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हाती लागला. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच निदान झालेले 151 रुग्ण. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्या गटाला त्याच उपचारांच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, अखेरीला शरीराला झोडपणारे उपचार कमी झाले आणि तरी ते जास्त जगले. पहिल्या गटाच्या जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, असा आकडा) 8.9 महिने, दुसऱ्याचा 11.6. प्रत्येक आजारात आयुष्य वाढतंच असं नाही, नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत ते तसं दिसलेलंही नाही. पण केमो आणि पॅलिएटिव्ह केअर एकाच वेळी चालू शकतात, यातलं एक घेतलं की दुसरं सोडावं लागत नाही, एवढं तरी त्यातून स्पष्ट होत होतं. दादा आकड्यांचा माणूस. त्याने दोनदा वाचलं आणि अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टर बाईंनी रिपोर्टची फाईल उघडलीच नाही. खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" पाठीचं दुखणं, असं उत्तर येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. बाबा म्हणाले, "रात्रीची भीती वाटते. झोप लागली तर श्वास अडकेल, म्हणून जागा राहतो." आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते एकेक सांगत गेले. पोट साफ होत नाही. बँकेची कामं आईला कधी दाखवलीच नाहीत. आयुष्यभर कोणावर भार टाकला नाही, आता उठायलाही माणूस लागतो. डॉक्टर सगळं लिहून घेत होत्या, बँकेचंसुद्धा.

हे सगळं एकाच दुखण्याचे भाग आहेत, असं त्या म्हणाल्या. ही मांडणी सिसिली सॉन्डर्स यांची. आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि 'माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नाचं दुखणं वेगवेगळं करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच भेटीत बाबांना दुखण्याचं आणि झोपेचं औषध मिळालं, दम लागला की चेहऱ्यावर वारा घ्यायला एक छोटा हातातला पंखा सुचवला गेला, आणि दादाला बँकेची कामं नेमून दिली. पंख्याचं मला हसू आलं होतं. पण गालावर वाऱ्याची झुळूक लागली की धाप कमी झाल्यासारखी वाटते, हे नंतर रोज बघितलं.

मॉर्फिनचं नाव निघालं आणि घरात पुन्हा वादळ उठलं. आत्या फोनवर म्हणाली, "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच सगळं." सवय लागेल, नशेत राहतील, त्यानेच जीव जाईल, या तिन्ही शंका आम्ही डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी कंटाळा न करता उत्तरं दिली. दुखण्याच्या प्रमाणात, थोड्या मात्रेपासून वाढवत नेलं तर मॉर्फिनने मरण जवळ येत नाही. गुंगी आणि मळमळ पहिले काही दिवस असते, मग बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून द्यायचं. आणि दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनांसाठी जी पद्धत सांगितली तिचा गाभा हाच: शक्य तोवर तोंडाने, ठरल्या वेळी, पायरीपायरीने. मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहून दिला होता. आईने वही घातली. वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती. आठवडाभरात बाबा खुर्चीत बसून पेपर वाचायला लागले. आत्या भेटायला आली तेव्हा त्यांनी तिच्याशी राजकारणावरून भांडणही केलं.

एका रात्री ताप चढला म्हणून जवळच्या एका रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मॉर्फिन बंद केलं. "श्वासाचा पेशंट आहे, रिस्क नको." वही दाखवली, प्रिस्क्रिप्शन दाखवलं, फोन लावून देते म्हटलं. नाही म्हणजे नाही. पहाटेपर्यंत बाबा पलंगाची कड धरून होते. त्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण थोड्या मात्रेत मॉर्फिन धाप लागण्यावरही देतात आणि नियमित घेणाऱ्याचं एकदम तोडू नये, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसावं. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असा माझा आग्रहही नाही.

या काळात माझं मन कुठे होतं, तेही सांगते. बाबा जिवंत असताना मी त्यांच्यासाठी रडून घेत होते. ते शेजारच्या खोलीत बोलत असायचे आणि माझ्या डोक्यात ते गेल्यानंतरचं घर उभं राहायचं, कोणाला आधी कळवायचं याची यादी तयार व्हायची. असं मनात येणारी मी कसली मुलगी, असं वाटायचं. डॉक्टर बाईंनीच एकदा विचारलं, "झोपता का?" आणि मी सगळं ओकून टाकलं. असं दुःख माणूस जायच्या आधीच सुरू होत असतं, त्याची नोंद मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी 1944 मध्येच केली आहे, असं त्यांनी सांगितलं. घरचा माणूस युद्धावर गेला की तो मरेल या धास्तीने मागचे लोक आधीच शोक करून बसत, असं त्यांना दिसलं होतं. हे ऐकून दुःख हलकं झालं नाही. अपराधीपणा मात्र कमी झाला आणि मी पुन्हा बाबांजवळ बसू शकले.

व्हेंटिलेटरचं बोलणं डॉक्टरांनी बाबांसमोरच काढलं. दादाला आयसीयूचा पर्याय हवा होता. बाबा म्हणाले, "अरे, मला आत टाकून तुम्ही बाहेर खुर्च्यांवर बसणार. त्यापेक्षा इथे बसा की." त्यावर वाद झाला नाही. लिहून ठेवलं, सगळ्यांनी वाचलं.

अखेरचे दिवस कसे असतील, हे घरी येणाऱ्या सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं. झोप वाढेल, खाणं सुटेल, हातपाय गार पडतील, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर होईल. ती घरघर ऐकणाऱ्यालाच जास्त जाचते, कारण तोवर माणूस बहुधा शुद्धीच्या पलीकडे असतो. आई घास भरवायचा हट्ट सोडत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "काकू, जेवत नाहीत म्हणून ते चाललेले नाहीत. शरीर आवरतं घेतंय, म्हणून त्याला जेवण नकोय." सलाईन लावलं तर अशा वेळी पाणी अंगावर आणि छातीत साठू शकतं, हेही समजावलं. त्याऐवजी ओठ ओले ठेवायचं काम आईला दिलं. तिला हाताला काहीतरी हवं होतं. बाबा घरी गेले, आम्ही तिघं जवळ असताना.

जगात दर वर्षी अंदाजे 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यातल्या साधारण 14 टक्क्यांनाच ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदय निकामी होत जाणारे, मूत्रपिंडाचे, स्मृतिभ्रंशाचे रुग्णही यात येतात, फक्त कॅन्सरचे नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी यासाठी जागतिक दिवस पाळतात. मी त्या रात्रीबद्दल संबंधित रुग्णालयाला पत्र लिहिलं. दुखण्याची औषधं कोणाच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत, असा लेखी नियम करा, एवढीच मागणी होती. पोच आली, नियम अजून नाही. पुन्हा लिहिणार आहे.

ओळखीत कोणाच्या घरी मोठं आजारपण आलं की मला फोन येतो. मी त्यांना सांगते, निदानाच्या वेळीच डॉक्टरांना विचारा: पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आत्तापासून सोबत घेता येतील का? रात्री त्रास वाढला तर फोन कोणाला करायचा? आणि धीर असेल तर हेही: हा रुग्ण वर्षभरात गेला तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का? हा प्रश्न डॉक्टर स्वतःलाच विचारतात, पॅलिएटिव्ह केअरची गरज ओळखण्यासाठी. आपण विचारला तर काही जण चिडतात. बरेच जण मात्र पेन खाली ठेवून नीट बोलायला लागतात.