वाळवंटात न्यायची बुत्ती

११० लिटर पाणी, १६० लिटर डिझेल आणि बुत्तीला, म्हणजे वाटेवरच्या शिदोरीला, ६० कडक भाकऱ्या. ॲडलेडच्या आमच्या गॅरेजमध्ये हे सगळं फरशीवर मांडून ठेवलं होतं आणि मी फोनवर चिकोडीला आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते, तर ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल, "मागं लई जड करू नकोस गं, गाडी उलाल होतीया," म्हणजे मागच्या भारानं पुढनं उचलते. तिला वाटलं आम्ही बैलगाडीनंच निघालोय असं नाही, तिला माहितीये जीपसारखी मोठी गाडी आहे ते, पण बोलली ते शंभर टक्के बरोबर बोलली आणि त्यावरूनच हे सगळं लिहावंसं वाटलं.

आम्ही जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मधलं सिम्पसन डेझर्ट हे वाळवंट पार करून आलो. दोन गाड्या, आम्ही तिघं म्हणजे मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, आणि आमच्याबरोबर निपाणीचे दादा आणि वहिनी. इथं लोक याला ओव्हरलँडिंग म्हणतात, म्हणजे गाडीतच घर घेऊन निघायचं, रस्ता नाही तिथनं जायचं, वाटेत हॉटेल नाही, दुकान नाही, पंप नाही. माउंट डेअर नावाचं एक ठिकाण आहे, तिथं शेवटचं डिझेल मिळतं, त्यानंतर पाचशे किलोमीटरच्या वर निव्वळ वाळू, आणि मग पलीकडं क्वीन्सलँडमध्ये बर्ड्सविल. मधे एकामागे एक वाळूचे डोंगर, साधारण अकराशे म्हणतात, सगळे एकमेकांना समांतर, जणू कुणी नांगरून ठेवल्यासारखे. पश्चिमेकडची बाजू जरा उतरती आणि पूर्वेकडची खडी, म्हणून बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडं जातात, आम्हीही तसंच गेलो. उन्हाळ्यात १ डिसेंबर ते १५ मार्च वाळवंट बंदच असतं, उन्हानं माणसं मरतात म्हणून.

आता आजीचं. माझ्या लहानपणी आमच्या घरातनं माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला बैलगाडी जायची, रायबागकडं, वाटेत एक मुक्काम. गाडी भरायचं काम आजीचंच. आजोबा बैलांचं बघायचे, वंगण घालायचे, पण साट्यात काय कुठं ठेवायचं ते दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. तांदळाचं पोतं आणि पाण्याची घागर मधोमध, चाकाच्या आकावर, म्हणजे आसावर. मागं नाही. कारण मागं जड झालं की पुढं जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला जोताचा फास बसतो, आणि पुढं जास्त झालं तर सगळा भार बैलाच्या मानेवर. तिच्या हाताला ते वजन कळायचं, तराजू नाही काही नाही.

आता ऐका, गाडीचं इथलं शास्त्र अगदी हेच आहे. मागच्या चाकांच्याही मागं जड सामान ठेवलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि वाळूत स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. आणि टपावर जड ठेवलं की वाळूचा डोंगर तिरका चढताना गाडी कलंडायला बघते. म्हणून पाणी, डबे, कुकर, हत्यारं हे सगळं मागच्या सीटच्या पाठीला लागून, खाली. टपावर फक्त हलकं पण फुगीर. आमच्या टपावर फक्त स्वॅग होते, स्वॅग म्हणजे कॅनव्हासचं अंथरूण आणि तंबू एकातच, गुंडाळून ठेवायचं आणि रात्री उलगडायचं, आणि वाळूत अडकल्यावर चाकाखाली घालायच्या रिकव्हरी बोर्डच्या दोन जोड्या. बास. दादांनी पहिल्यांदा जेरीकॅन टपावर ठेवले होते, चार कॅन म्हणजे ८० लिटर, डिझेलचं वजनच ६७ किलो आणि वर कॅनचं वेगळं, ते माउंट डेअरला सगळे खाली उतरवून मागच्या दाराच्या स्टँडवर आणि आतल्या बाजूला विभागून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत जागा झाली तशी पहिल्यांदा तेच ओतून टाकले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, टाकी निम्मी व्हायची वाट बघायची नाही, कॅन जितक्या लवकर रिकामे तितकं वजन लवकर खाली जातं.

आमच्या गाडीला हायवेला शंभर किलोमीटरला ११ लिटर लागतं, वाळूत २० च्या पुढं गेलं. घरून काढताना ज्यांनी हायवेचा हिशोब धरला ते तिथं मधेच बसतील.

पाण्याचं सांगते. माणशी दिवसाला पाच लिटर धरलं, तिघांचे पंधरा, पाच दिवसांचा रस्ता पण दोन दिवस जादा धरायचेच, म्हणजे १०५, ते आम्ही ११० केलं. एकाच टाकीत नाही भरायचं. दहा-दहा लिटरचे अकरा कॅन. एक फुटला तर दहाच लिटर जातं. मागच्या वर्षी आम्ही फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरात गेलो होतो तेव्हा दुकानातनं नवाकोरा वीस लिटरचा कॅन घेतला, त्याचं झाकण दुसऱ्याच दिवशी गळायला लागलं आणि संध्याकाळी बघतोय तर निम्मा रिकामा आणि गालिचा ओला. तेव्हापासून नवा कॅन घेतला की आठवडाभर अंगणात उलटा ठेवून बघते, मगच गाडीत.

आणि इथल्या रस्त्यांबद्दल एक सांगायलाच पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. कच्च्या रस्त्यांवर गाड्या जाऊन जाऊन पत्र्यासारख्या लाटा तयार होतात, त्याला कॉरुगेशन म्हणतात, कूबर पेडी ते उडनाडाटा तर जवळजवळ दोनशे किलोमीटर हेच. दिवसभर गाडी थरथरत असते. त्या थरथरीनं बरण्यांची झाकणं आपोआप उघडतात, शेजारी शेजारी ठेवलेले डबे घासून घासून त्यांना भोकं पडतात, काच तर आणायचीच नाही. त्याच फ्लिंडर्सच्या ट्रिपला शेंगतेलाची बाटली सैल होऊन सगळं तेल भाकरीच्या गाठोड्यात आणि लेकीच्या पांघरुणात. तीन रात्री ती पोर तेलाच्या वासात झोपली, मला अजून वाईट वाटतं त्याचं. यावेळी तेल स्टीलच्या फिरकीच्या डब्यात, झाकणावर कापड, वरून रबर, आणि प्रत्येक डब्याभोवती जुन्या सुती साडीची पट्टी. साडीच्या पट्ट्या मी आईकडनं मुद्दाम मागवल्या. फोम विकत मिळतो की, पण साडी नंतर भांडी पुसायला, भाकरी गुंडाळायला, मटकी बांधायला, सगळ्याला येते.

मटकीचं तर मला कौतुकच वाटतं. पालेभाजी दुसऱ्या दिवशी सडते, टोमॅटोचा थरथरीनं रस होतो, कोबी चार-पाच दिवस टिकते, कांदे बटाटे टिकतात. पण ताजं हिरवं खायचं तर मोड. रात्री मूठभर मटकी भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधून गाडीत उबेला ठेवायची, दुसऱ्या सकाळपर्यंत मोड. भिजवलेलं पाणीसुद्धा टाकायचं नाही, भांडी विसळायला. तीन लिटरचा कुकर नेला होता, त्यात मोडाची उसळ खाली आणि वर डब्यात भात, एका गॅसवर, वीस मिनिटांत जेवण. वाळवंटात लाकडाच्या भरवशावर राहू नका, नॅशनल पार्कमध्ये सरपण गोळा करायची परवानगी नसते, चार किलोचा गॅस सिलिंडर आम्हाला पुरून उरला. कुकर बघून उडनाडाटाला कॅम्पवर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यानं शिट्टी झाली तेव्हा दचकून बघितलं, मग त्यांना उसळ दिली, आवडली त्यांना, डबा धुऊन परत आणून दिला.

कडक भाकरी. आमच्याकडं कन्नड शेजारी खडक रोट्टी म्हणतात, आम्ही कडक भाकरी, गोष्ट तीच. इंडियन स्टोअरमधनं ज्वारीचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळून पातळ भाकऱ्या केल्या, तव्यावर भाजून मग अगदी मंद आचेवर उभ्या करून वाळवल्या, चार रविवार संध्याकाळी हेच चाललं होतं. नीट वाळली तर महिनाभर काही होत नाही. मोडू नयेत म्हणून सपाट पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात थप्पी आणि मधनं साडीची पट्टी. बरोबर शेंगाचटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, गूळ, कांदा-लसूण मसाला. सांडगे आणि पापड मी जानेवारीतच केले होते, इथं तेव्हा कडक उन्हाळा, कधी कधी चाळीसच्या वर जातं, आपल्याकडं चैत्रात करतो ते वाळवण इथं जानेवारीत, तेवढं सोडलं तर सगळं तसंच. पहिल्या दिवसासाठी दहीभात केला, भात गरम असतानाच दूध घालून वर थोडंसंच दही, म्हणजे संध्याकाळपर्यंत आंबट होत नाही. गावाकडं आम्ही वाटेवरच्या शिदोरीला बुत्तीच म्हणतो, कानडीतनं आलेला शब्द आहे, लेकीला पण आता तोच शब्द येतो, शाळेच्या टिफिनलाही ती बुत्ती म्हणते.

घरनं काय आणता येतं याबद्दल बरेच नातेवाईक विचारतात म्हणून सांगते, कुंदा पाठवू नका. मला किती आवडतो तुम्हाला माहितीये, पण दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात येऊ देत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात, आणि लपवून आणली तर दंड. बाकी खाण्याचं जे काही आहे ते फॉर्मवर लिहायचंच, सगळं. लिहिलं आणि चालत नसेल तर फक्त टाकून देतात.

हत्यारांचं जास्त लांबवत नाही, ते नवऱ्याचं खातं. लांब दांड्याचं फावडं, ओढायचा स्नॅच स्ट्रॅप, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, दोन स्टेपनी, पंक्चर किट, फॅनबेल्ट, फ्यूज. वाळूत टायरची हवा १६ पीएसआयपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरट होतो, उंटाच्या पायासारखा. निम्मी माणसं अडकतात ती हवा न उतरवल्यानं. गाडीच्या पुढं उंच काठीला झेंडा लावायचा असतो, जमिनीपासून साडेतीन मीटर, कारण डोंगराच्या माथ्यावर पलीकडनं येणारी गाडी दिसतच नाही, झेंडा आधी दिसतो. गाड्यांनी आपसांत बोलायच्या रेडिओवर चॅनेल १० लावून ठेवायचं आणि बोलत राहायचं. आणि उपग्रहावर संदेश पाठवणारा लोकेटर बीकन, तो मी माझ्या जॅकेटच्या खिशातच ठेवला, गाडीत नाही. गाडी पेटली तर? गाडीत ठेवलेल्या बीकनचा काय उपयोग.

आजीचा दुसरा नियम असा होता की रात्रीला लागणारं सगळ्यात शेवटी भरायचं. कंदील, काडेपेटी, पांघरूण, चहाचं. अंधार पडल्यावर पोतं उपसत बसायचं नाही. हे मी तंतोतंत पाळलं. दार उघडलं की पहिला डबा "मुक्कामाचा डबा", त्यात हेडटॉर्च, लायटर, चहा, साखर, दूध पावडर, पातेलं, कप, स्वेटर. जुलैत दिवसा छान वीस डिग्री असतं पण सूर्य गेला की अर्ध्या तासात थंडी पडते, रात्री शून्याच्या आसपास, एका सकाळी कॅनच्या तोंडाशी बर्फ होता. थंडीत थकलेल्या माणसांना दहा मिनिटांत चहा हातात मिळाला की पुढची भांडणं होत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते. बूट रात्री आत घ्यायचे, डिंगो म्हणजे इथली रानटी कुत्री पळवतात.

चौथ्या दिवशी पोपेल कॉर्नरला पोचलो. तिथं तीन राज्यांच्या सीमा मिळतात, साऊथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी. १८८० मध्ये ऑगस्टस पोपेल नावाच्या सर्व्हेयरनं उंटांवरून येऊन तिथं लाकडाचा खांब रोवला, आणि मग कळलं की मोजायची साखळीच एक इंच लांब होती, म्हणजे एवढ्या मैलांचं मोजमाप चुकलं आणि खांब नंतर हलवायला लागला. मी कितीतरी वेळ तिथं उभी होते. आमच्या घरात १९५६ पासून सीमा हा रोजचा शब्द, आजोबा सत्याग्रहाला गेलेले, आमचं एक शेत कर्नाटकात आणि आत्याचं घर महाराष्ट्रात, मधे नुसता ओढा. लेक तिन्ही राज्यांत पळत होती, एका पायावर इकडं एका पायावर तिकडं. वहिनींनी तिथंच सतरंजी टाकली, कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा फोडला. दादा गप्प होते, मग म्हणाले, "बाबा असते तर इथं आणलो असतो."

पाचव्या दिवशी दुपारी बिग रेड नावाचा शेवटचा मोठा डोंगर, चाळीस मीटरच्या आसपास, तिसऱ्या प्रयत्नात चढली आमची गाडी, हवा अजून दोन पीएसआय कमी केल्यावर. मग बर्ड्सविल. पाच दिवसांनी फोनला रेंज आली आणि गावाकडं फोन लावला, आईनं लगेच आजीच्या हातात दिला.

"पाणी पुरलं काय?"

"उरलं की आजी. तीस लिटर."

"आणि भाकरी?"

"चार."

"मग आता ठेवू नका, चहात बुडवून खावा."