महासाथ आणि १०९ किलोंचे शरीर

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील व्यायामशाळा उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. या दोन मुहूर्तांमधल्या सात महिन्यांत माझे वजन ९६ किलोंवरून १०९ किलोंवर गेले. त्याआधी मी रोज सकाळी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर चालत असे, आठवड्यातून दोनदा गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी घेत असे आणि दर महिन्याला आहारतज्ज्ञांना भेटत असे. हे सारे एकाच आठवड्यात थांबले. घराबाहेर पडायची बंदी, रात्रीची उडालेली झोप आणि त्यातून वेळी-अवेळी होणारे खाणे यांचा परिणाम अंगावर दिसू लागला, तेव्हा टाळेबंदीत ‘सुटलेल्या’ माणसांची चेष्टा घरोघरच्या फोनवर फिरत होती. मधुमेह्याचे उपचार सात महिने बंद पडले तर आपण हळहळतो. स्थूलपणाही दीर्घकाळ उपचार लागणारा आजार आहे, पण त्याच्या वाट्याला ही हळहळ येत नाही, याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते.

स्थूल माणसांना कोविडचा धोका किती आहे हे लवकरच कळले होते. ऑगस्ट २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील बॅरी पॉपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. स्थूल व्यक्तींना कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक, अतिदक्षता विभागात जाण्याची ७४ टक्क्यांनी अधिक आणि मृत्यूची ४८ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. खरे तर २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतच लठ्ठपणाचा हा संबंध डॉक्टरांच्या लक्षात आला होता. त्या साथीचा देशातील पहिला बळी आमच्या पुण्यातच गेला होता. कारणेही गूढ नाहीत. आडवे झाल्यावर पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो आणि फुप्फुसांचा खालचा भाग पुरता फुलत नाही. चरबीच्या पेशी शरीरात सौम्य दाह सतत चालू ठेवतात. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते.

एवढे ठाऊक असूनही, १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना, म्हणजे आधीपासून दुसरा आजार असलेल्यांना, लस मिळू लागली तेव्हा सरकारच्या २० सहव्याधींच्या यादीत स्थूलपणा नव्हता. मी ४७ वर्षांची होते, माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४३ होता, पण मला मधुमेह नव्हता आणि रक्तदाबही नव्हता. आमच्या डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली आणि प्रमाणपत्र देता येत नाही असे खेदाने सांगितले. ब्रिटनमध्ये बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असलेल्या प्रौढांना प्राधान्यगटात घेतले होते. लेस्टरला राहणाऱ्या, माझ्याच अंगलटीच्या मावसबहिणीला फेब्रुवारीतच पहिली मात्रा मिळाली होती. १ एप्रिलला आपल्याकडेही ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. मी दोनदा केंद्रावर गेले, दोन्ही वेळा साठा संपलेला होता. १४ एप्रिलला मला ताप आला.

पाचव्या दिवशी बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९० चा आकडा दिसला. ज्या रुग्णालयात खाट मिळाली तिथे मला बसेल असा गाऊन नव्हता आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरत नव्हता. मोठा पट्टा सापडेपर्यंत चुकीचे, चढे आकडे कागदावर लिहिले गेले. ऑक्सिजन वाढावा म्हणून सगळ्यांना पालथे झोपायला सांगत होते. मी पालथी झाले की पोट गादीवर दाबले जाई, श्वास आणखी कोंडे आणि मी घाबरून पुन्हा उताणी होई. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असे कोणीतरी म्हणालेले मी ऐकले.

रात्रपाळीच्या सिस्टरांनी मात्र मला नीट पाहिले. त्यांनी चार उशा आणल्या, दोन छातीखाली आणि दोन कमरेखाली सरकवल्या आणि म्हणाल्या, “ताई, पोट मधे मोकळं सोडा, त्याला दाबू नका. आता घ्या श्वास.” अर्ध्या तासात आकडा ९४ वर आला. या उपायाला यंत्र लागले नाही, पैसा लागला नाही. जाड शरीर कसे टेकते याचा विचार करणारे माणूस तेवढे लागले. त्या रात्री मी तशीच चार तास झोपले.

अकराव्या दिवशी घरी आले तेव्हा वजन आठ किलोंनी उतरले होते आणि स्टिरॉइडमुळे वाढलेल्या साखरेसाठी गोळी सुरू झाली होती. मांड्यांचे स्नायू इतके झडले होते की पहिल्या मजल्यावर पोहोचायला मला जिन्यात तीनदा बसावे लागले. दुसऱ्या टप्प्यावर दम खात बसले असताना वरच्या मजल्यावरच्या काकू दारातून मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, “बाई, किती छान बारीक झालीस गं!”