पाणी, वणवा, गारा आणि खरकटी भांडी

हे लिहायला घेतलं त्याला बरेच महिने झाले, दर वेळी दोन पॅरा लिहायचे आणि लॅपटॉप बंद. आता आई-अण्णा (म्हंजे माझे सासू-सासरे) परत जाऊनही खूप दिवस झालेत, तर एकदाचं लिहूनच टाकते. 2024 चा आमचा उन्हाळा. कॅनडातल्या कॅलगरीतला.

मे महिन्याच्या शेवटी दोघं आले. लातूरजवळच्या औशाहून पुण्याला गाडीने, तिथून मुंबई, मग फ्रँकफर्ट, मग कॅलगरी. व्हीलचेअर असिस्टन्स सांगितला होता पण आई व्हीलचेअरच्या मागे चालत आल्या आणि व्हीलचेअरवर त्यांची काळ्या मसाल्याची पिशवी बसलेली. अण्णांच्या अंगात बंडी, बंडीच्या आतल्या खिशात पासपोर्ट. तो पासपोर्ट घरी आल्यावरही तिथेच राहिला, झोपतानासुद्धा. आम्ही हसायचो. अण्णा म्हणायचे, "परका मुलूख आहे, कागद अंगावर पाहिजे." हसणं लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आठवडाभरात, 5 जूनला, शहराची मेन पाइपलाइन फुटली. शहराचं जवळजवळ 60 टक्के पिण्याचं पाणी त्या एका पाइपमधून जातं, आणि वस्ती चौदा-पंधरा लाखांची. मग रोज सूचना, बागेला पाणी नाही, गाडी धुवायची नाही, अंघोळ तीन मिनिटांत उरका, दर वेळी फ्लश करू नका. मला लाज वाटत होती की यांना एवढ्या लांब आणलं आणि इथे पाण्याचे वांधे. पण आईंच्या चेहऱ्यावर जे काही तेज आलं ना! लातूरची बाई हो. 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायचं तेव्हा त्या बहिणीकडे लातूरलाच होत्या, घागरी घेऊन लायनीत उभ्या राहिलेल्या. त्यांनी दोन दिवसांत माझं घर ताब्यात घेतलं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत, भांडी विसळलेलं पाणी फ्लशला, बाथरूममध्ये दोन बादल्या कायम भरलेल्या. "नळाला चोवीस तास पाणी येतंय आणि तुम्ही घाबरायलेत?" असं म्हणून शेजारच्या पंजाबी काकूंना पण शिकवून आल्या, भाषेचा काही प्रॉब्लेम नाही, हातवारे.

जुलैत स्टॅम्पीड, म्हंजे कॅलगरीची मोठी वार्षिक काउबॉय जत्रा झाली, त्या वर्षी विक्रमी गर्दी, 14 लाखांच्या वर लोक. फुकटचा पॅनकेक ब्रेकफास्ट बघून अण्णा म्हणाले हे म्हंजे आपलं भंडाऱ्याचं जेवण. एवढंच, स्टॅम्पीडवर जास्त लिहीत नाही, सगळे लिहितात.

12 तारखेला न्यू जर्सीहून नणंद, तिचा नवरा आणि दोन पोरं आली. म्हंजे आता आम्ही चौघं, आई-अण्णा आणि हे चौघं, दहा माणसं, तीन बेडरूम. मला नणंद आवडते पण एका घरात दोन आठवडे म्हटलं की आवडीला पण मर्यादा असते. तिचा नवरा रोज सकाळी सहाला मिक्सरमध्ये स्मूदी करायचा. मी काही बोलले नाही. (हे वाचत असशील तर आता बोलले.)

मग ठरलेली रॉकीज डोंगरांची ट्रिप. आमची सात सीटर आणि त्यांची भाड्याची एसयूव्ही. बॅन्फ, लेक लुईस, आणि 21 जुलैला, गुरुपौर्णिमेला, आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरातल्या रस्त्याने जॅस्पर गावाला. लेक लुईसपासून जॅस्पर साधारण 230 किलोमीटर आणि त्यात एक वळण असं नाही जिथे कुणीतरी "थांबव थांबव" म्हणत नाही. अथाबास्का ग्लेशियरच्या पायवाटेवर, बर्फ पूर्वी कुठवर होता ते दाखवणाऱ्या वर्षांच्या पाट्या आहेत, तो ग्लेशियर गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरच्या आसपास मागे सरकलाय. अण्णा निवृत्त मास्तर, प्रत्येक पाटीपाशी उभं राहून नातवंडांना तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं ते सांगत होते. पोरांना फक्त बर्फ पाहिजे होता.

जॅस्परमध्ये आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचं बेसमेंट घेतलं होतं, गावाच्या पश्चिम बाजूला, त्या स्वतः वर राहायच्या, मांजरासोबत. छोटं किचन होतं म्हणून आई खूष. सोमवारी, 22 तारखेला, दिवसभर मलीन लेकला फिरलो, ऊन मरणाचं. संध्याकाळी आकाश विचित्र झालं, तपकिरी-नारिंगी, आणि वास. मला वाटलं कॅम्पग्राउंडवाल्यांच्या शेकोट्या. आईंनी पिठलं-भात टाकला आणि दुसऱ्या दिवसासाठी धपाटे थापायला घेतले, पंचवीसेक तरी, कारण बाहेरचं खाऊन अण्णांची शुगर वाढते.

रात्री दहाच्या सुमाराला दहा माणसांतले सगळे फोन एकदम किंचाळले. तो इमर्जन्सी अलर्टचा आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत. उत्तरेला आणि दक्षिणेला वणवे, सगळ्यांनी जॅस्पर सोडा, पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता बंद, पश्चिमेला शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताकडे जा. बाहेर अजून थोडा उजेड होता, जुलैत तिकडे रात्री पावणेदहापर्यंत सूर्य असतो, आणि त्या उजेडात राख पडत होती, बारीक.

खरं सांगते, मी गोठले. नवरा फोनवर मॅप बघत बसला, नणंदेचा नवरा म्हणाला थोडं थांबू, गर्दी कमी होऊ दे. आणि आई उठल्या, गॅस बंद केला, कुकर तसाच ठेवला, धपाटे फॉइलसकट पदराखाली आणि झोपायच्या जागेजवळची त्यांची कापडी पिशवी खांद्याला. "चला. लेकरं उचला. पसारा राहू द्या."

ही पिशवी मी लग्न झाल्यापासून बघतेय. बॅटरी, शाल, थोडे पैसे, बिस्किटचा पुडा. किल्लारीच्या भूकंपापासूनची. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आधी, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. औसा किल्लारीपासून लांब नाही. माझा नवरा तेव्हा दहाचा, नणंद सहाची. आईंनी दोघांना ओढत अंगणात आणलं आणि अण्णा कागदपत्रांच्या पेटीसाठी परत आत गेले, तर आईंनी दारातून त्यांचं धोतर धरून मागे खेचलं म्हणे. त्यानंतर कित्येक आठवडे सगळे बाहेरच झोपले. अण्णांचा पासपोर्ट बंडीत का असतो ते मला बारा वर्षं संसार करून त्या रात्री गाडीत कळलं. कागदांसाठी परत आत जायची वेळ येऊ नये म्हणून.

घरमालकीणबाई वरून खाली आल्या, मांजर पिंजऱ्यात, म्हणाल्या सगळे ठीक ना, निघा, मीही निघते. आम्ही निघालो.

आता रस्ता. हायवे 16. एकच रस्ता आणि सगळं गाव नि भोवतीचा सगळा नॅशनल पार्क त्याच्यावर, त्या रात्री साधारण 25,000 माणसं बाहेर पडली. कॅम्पर, ट्रेलर, छतावर सायकली, एका पिकअपमध्ये मागे दोन कुत्री आणि एक फ्रीज (फ्रीज का ते देव जाणे). गावातून बाहेर पडायलाच दीड तास. पण एकानेही हॉर्न वाजवला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण मला अजून आश्चर्य वाटतं. नेटवर्क गेलं, नणंदेची गाडी मागे राहिली, आरशात नुसते दिवे, त्यातले तिचे कुठले कळेना. धाकट्याने विचारलं आपण मरणार का, तर अण्णा म्हणाले नाही, आपण लायनीत आहोत. का कोण जाणे पण तो त्यावर झोपला.

माउंट रॉबसन म्हंजे कॅनडाच्या रॉकीजमधलं सगळ्यात उंच शिखर, 3,954 मीटर, ट्रिपचा तो मुख्य आयटम होता. त्याच्या पायथ्यावरून गेलो आणि काळ्या आकाशात आणखी काळं काहीतरी, एवढंच दिसलं. व्हेलमाउंटला पोचलो तेव्हा आमच्या घड्याळात साडेचार, तिथल्या साडेतीन, सीमा ओलांडली की एक तास मागे जातं. हजारेक वस्तीचं गाव, आणि रस्त्याच्या कडेला, मैदानात, पार्किंगमध्ये सगळीकडे गाड्या. पंपावर ही लाइन. चाळीस मिनिटांनी नणंदेची गाडी आली. आम्ही दोघी मिठी मारून रडलो. स्मूदी वगैरे सगळं माफ, तेवढ्यापुरतं.

आणि मग अण्णांनी हळूच सांगितलं की इन्सुलिन फ्रीजमध्ये राहिलं.

पिशवीत सगळं होतं, पण इन्सुलिन गार लागतं म्हणून ते पिशवीत नसतं. मला घामच फुटला. परत जायचा प्रश्नच नाही, इंडियाचं प्रिस्क्रिप्शन, अनोळखी गाव, पहाटेचे चार. आठला एक फार्मसी उघडली, मी अण्णांच्या पेनचा मोबाइलमधला फोटो दाखवला आणि बाई म्हणाली, देते की. कॅनडात इन्सुलिन प्रिस्क्रिप्शनशिवाय फार्मासिस्टकडून मिळतं! इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं. तुमच्याकडे कुणाचे आईवडील येणार असतील तर हे एवढं तरी लक्षात ठेवा, बाकी पोस्ट विसरा.

तोवर आईंनी गाडीच्या बॉनेटवर धपाट्यांचं दुकान मांडलं होतं. शेजारच्या कॅम्परमधलं जर्मन जोडपं, एक सरदारजी ट्रक ड्रायव्हर, आमची दहा तोंडं. शेंगदाण्याच्या चटणीने त्या जर्मन काकांचे डोळे भरून आले, आणि आईंना वाटलं ते भावुक झाले.

घरी जायचा सरळ रस्ता बंद म्हणून कॅमलूप्सवरून वळसा, तिनेकशे किलोमीटर खाली आणि मग कॅलगरीला आणखी सहाशेच्या वर. कॅमलूप्समध्ये हॉटेल मिळेना. कॅलगरीच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर (ज्याला मी एरवी गुड मॉर्निंग ग्रुप म्हणून नावं ठेवते) टाकलं, आणि अर्ध्या तासात तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या चार मराठी पोरांनी त्यांचं बेसमेंट खाली करून दिलं. स्वतः मित्राकडे झोपायला गेली. जायच्या आधी रात्री अकराला कांदेपोहे करून दिले, जरा खारट, पण मी तीनदा घेतले. आईंनी चौघांचंही गाव, आडनाव, मामाचं गाव विचारून कुठेतरी ओळख लागते का ते बघितलं, लागेना, शेवटी एकाच्या काकांची कधीतरी लातूरला बदली होती एवढ्यावर समाधान मानलं. "बघ, आपलीच लेकरं."

24 तारखेला संध्याकाळी घरी पोचलो आणि टीव्ही लावला. त्याच संध्याकाळी आग जॅस्परमध्ये शिरली होती. वाऱ्याने ढकललेली, ज्वाळा शंभर मीटरपर्यंत उंच गेल्या म्हणे. त्या भागातली पाइनची झाडं आधीच पाइन बीटल नावाच्या किड्याने मारून ठेवलेली, उभं सरपणच ते. गावातल्या 1,113 पैकी 358 इमारती गेल्या. हॉस्पिटल, शाळा वाचवल्या फायरफायटर्सनी. पुढे ऑगस्टच्या सुरुवातीला आग विझवताना एक 24 वर्षांचा फायरफायटर अंगावर झाड पडून गेला. आईंनी त्या रात्री देवाजवळ एक जास्तीची वात लावली, कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

जळालेल्या गल्ल्यांचे व्हिडिओ येत होते, आम्ही थांबवून थांबवून बघत होतो. आमची गल्ली ओळखू आली ती कोपऱ्यावरच्या दगडी भिंतीवरून. घर नव्हतं.

आमचं तिथे राहिलेलं म्हंजे कपडे, अण्णांची काठी, कुकर, आईंची एक इरकल. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आई मला म्हणाल्या, "आपण त्या बाईच्या सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवून आलो गं. पिठल्याची कढई पण." मी म्हटलं आई, घरच राहिलं नाही. तर म्हणाल्या, "म्हणून काय झालं. परक्याच्या घरात खरकटं टाकून आलो ते आलोच. तिला लिही." दोन दिवस मागे लागल्या. शेवटी लिहिलं मी, लाजत लाजत, की तुमच्या घराचं ऐकून फार वाईट वाटलं आणि माझ्या सासूबाई म्हणतात भांडी न घासता आलो त्याबद्दल माफ करा. पाठवल्यावर वाटलं किती मूर्खपणा, तिचं घर गेलंय आणि आपण कढईचं काय घेऊन बसलोय.

उत्तर आलं नाही. नणंद गेली, घर अचानक मोठं झालं.

5 ऑगस्टला संध्याकाळी कॅलगरीत गारा पडल्या, आम्ही नॉर्थ-ईस्टला राहतो, तिथे सगळ्यात जास्त. दहा-पंधरा मिनिटं, लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एका बाजूची सायडिंग (घराच्या भिंतीवरचं बाहेरचं आवरण) चाळणी, गाडीची पुढची-मागची काच फुटलेली, आईंनी जूनमध्ये तांदळाच्या पाण्यावर वाढवलेली मेथी आणि कोथिंबीर भुईसपाट. सगळे शेजारी बाहेर येऊन आपापलं नुकसान मोजत होते, अण्णांनी एक गार उचलून डीप फ्रीजमध्ये ठेवली, इन्शुरन्सवाल्याला दाखवायला. पुरावा.

मी गाडीचे फोटो काढत होते तेव्हा मेल आला. जॅस्परच्या बाईंचा. त्या बहिणीकडे होत्या, मांजर ठीक होतं. भांड्यांबद्दल एकच ओळ होती, की सासूबाईंना सांगा, वरच्या मजल्यावर माझ्या सिंकमध्येही होती.

मी आईंना तिथेच अंगणात वाचून दाखवलं, मराठीत. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, "हां" म्हणाल्या, आणि काचा भरायला खराटा आणायला आत गेल्या.