बुवांना कुणी अडवलंच नाही

मंगळवार, रात्री साडेबारा

शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव संपला. माझं पात्र बुवा, सहाव्या लेव्हलचा पॅलडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. फासे गोळा करताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सातवी लेव्हल बहुतेक वॉरलॉकची घेईन." वॉरलॉक म्हणजे कुठल्यातरी शक्तीशी करार करून जादू मिळवणारा. सहज कसलं, आठवडाभर घोकत होते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, तिचा पुठ्ठ्याचा आडोसा मिटत होती. म्हणाली, "घे की." रोग (चोराचं पात्र खेळणारा, आमच्यात हाका पात्रांवरूनच) म्हणाला, "हेक्सब्लेड ना? मग चांगलंय." हेक्सब्लेड म्हणजे जादूच्या तलवारीशी करार केलेला वॉरलॉक. विझर्ड, म्हणजे आमचा जादूगार, चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. बार्ड, म्हणजे आमचा गवई, लॅपटॉपवर तोंड उघडं ठेवून गोठलेला, त्याचं नेट गेलं होतं. झालं, संपलं. पुढच्या शनिवारी खायला कोण काय आणणार यावर याच्या तिप्पट वेळ बोलणं झालं.

तीन दिवस ते "घे की" घशात अडकून बसलंय.

निदान एकाने तरी "अगं, बुवा आणि वॉरलॉक? डोकं फिरलंय का?" असं म्हणायला हवं होतं. मग मी समजावून सांगितलं असतं. सगळे मुद्दे तयार होते. वायव्हर्नच्या, म्हणजे त्या उडत्या ड्रॅगनसारख्या प्राण्याच्या, वेळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तो वर घिरट्या घालतोय आणि बुवा खाली चिलखतात घामाघूम, हातात भाले. भाला ३० फुटांपर्यंत धड जातो, पुढे १२० पर्यंत देवाच्या भरवशावर. आणि देवाचा माणूस असूनही दोन्ही भाले झाडीत गेले. वॉरलॉकचा एल्ड्रिच ब्लास्ट, म्हणजे जादूचा झोत, १२० फूट सरळ जातो, शिवाय त्याचे झोत वॉरलॉकची लेव्हल बघून वाढत नाहीत, एकूण लेव्हल बघून वाढतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन. हेक्सब्लेड म्हटल्यावर तलवार स्ट्रेंथऐवजी चारिझ्मावर, म्हणजे पात्राच्या प्रभावाच्या आकड्यावर, चालणार. छोटी विश्रांती घेतली की वॉरलॉकचा स्लॉट, म्हणजे जादू वापरायची एक संधी, परत, म्हणजे प्रत्येक विश्रांतीमागे एक जादा स्माइट, पॅलडिनचा दैवी घाव. सगळं पाठ. पण विचारलंच नाही कुणी.

तिसऱ्या लेव्हलला ओथ ऑफ डिव्होशन, म्हणजे पॅलडिनची शपथ, घेतली तेव्हा डीएमने हॉलमधले दिवे घालवले होते. मी उभं राहून पाचही तत्त्वं मराठीत म्हटली. सत्य, धैर्य, करुणा, मान, कर्तव्य. "दिला शब्द मोडणार नाही" म्हणताना आवाज खरोखरचा कापला. आई स्वयंपाकघरातून डोकावली, "कुणाचं लग्न लागतंय?" तेव्हापासून माझं नाव बुवा. आईसुद्धा शुक्रवारी विचारते, उद्या बुवा आणि मंडळी किती वाजता?

त्याच बुवांनी आता शॅडोफेलमधल्या, म्हणजे सावल्यांच्या जगातल्या, कुठल्याशा बोलक्या तलवारीच्या मालकाशी करार करायचा. आणि कुणाला काही वाटू नये?

जुने नियम बरे होते असं म्हणणार नाही. १९७८ च्या पुस्तकात पॅलडिन फक्त माणसालाच होता यायचं आणि चारिझ्मा १७ लागायचा. माझ्या फाशांनी मला एवढं कधी दिलं नसतं. पण त्यात एक दरारा होता. जाणूनबुजून बेशिस्त वागलात तर किमान सातव्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, गाठायचा, कबुली द्यायची, तो सांगेल ते प्रायश्चित्त करायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलंत तर पॅलडिनपण कायमचं गेलं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्वच्छ लिहिलेलं होतं की पॅलडिनने दुसऱ्या क्लासची (पेशाची) एक जरी लेव्हल घेतली, तर पॅलडिनची पुढची लेव्हल पुन्हा कधीच नाही. मिळवलंय ते राहील. पण बाहेर पडलात की दार बंद.

आम्ही २०१४ चे नियम खेळतो. ते मागतात काय? स्ट्रेंथ १३, चारिझ्मा १३. बुवांकडे दोन्ही १६. म्हणजे पुस्तकानेही "घे की"च म्हटलं.

आजोबा माळकरी. एकदा त्यांची माळ तुटली. नव्या दोऱ्यात ओवून परत गळ्यात पडेपर्यंत त्यांनी पाण्याला हात लावला नाही. मी चार-पाच वर्षांची असेन, पलंगाखाली सरपटत मणी शोधत होते. "घ्या हो घोटभर, कोण बघतंय" असं कुणी म्हणालं नाही. काकासुद्धा नाही, आणि काका कशावरही बोलायचे. सगळं घर गुडघ्यांवर.

हे इथे का आठवलं कुणास ठाऊक. म्हणजे, ठाऊक आहे.

गेल्या सोमवारी साहेबांपुढे बदलीचा अर्ज ठेवला होता. अकरा वर्षं एका टेबलावर काढल्यावर. पेन सापडेना त्यांना, तेवढाच काय तो वेळ लागला. "बघा मॅडम, तुम्हाला योग्य वाटेल तसं." त्याचं नंतर लिहीन.

बार्ड डिसेंबरनंतर नसणार आहे हेही असंच कळलं होतं, दोन सामोशांच्या मध्ये. तेव्हा मीही "अरे वा" म्हणाले होते.

असो.

आज जेवणानंतर कागद-पेन्सिल घेऊन नीट बसले. एवढा अपमान सोसायचाच तर निदान हिशेब बरोबर हवा. पहिला धक्का असा, की तलवार चारिझ्मावर चालण्याचा आज काडीचा फायदा नाही. स्ट्रेंथही १६, चारिझ्माही १६, दोन्हीकडे +३. पुढे कधीतरी चारिझ्मा वाढेल तेव्हा बघू. आठवडाभर ज्या मुद्द्यावर मान ताठ करून फिरत होते तो फुसका निघाला, आणि बरं झालं कुणी विचारलं नाही, असं पहिल्यांदा वाटलं.

वॉरलॉकऐवजी सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादूवाला, हिशेबात जास्त गोड आहे. सहाव्या लेव्हलच्या पॅलडिनचे स्लॉट पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे दोन. सातवी पॅलडिनचीच घेतली तर चार आणि तीन. मल्टिक्लासमध्ये, म्हणजे दोन क्लास मिसळले की, स्लॉट मोजताना पॅलडिनच्या लेव्हल निम्म्या धरतात, सहाच्या तीन, अधिक सॉर्सररची एक, चार. म्हणजे पुन्हा स्लॉट चार आणि तीनच. काहीच बुडत नाही, वर चार कँट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणाऱ्या छोट्या जादू, आणि बचावाचा शील्ड मंत्र. शिवाय सॉर्सररला कुणाशी करार करावा लागत नाही, जादू रक्तातच असते. बुवांनी एवढंच कबूल करायचं की आमच्या पणजीचं एका ड्रॅगनशी काहीतरी होतं. शपथ शाबूत, घराण्याची अब्रू तेवढी गेली.

बार्ड घेतला तर आमचा बार्ड जायच्या आधीच त्याची जागा भरल्यासारखं दिसेल. नको. फायटरच्या दोन लेव्हल अ‍ॅक्शन सर्जसाठी, म्हणजे एका फेरीत जादा कृतीसाठी, चांगल्या, पण शहाणपणाच्या आणि कंटाळवाण्या. तसली मी एक आहेच घरात.

आणि मग सरळ पॅलडिनची सातवी लेव्हल उघडून वाचली. ती मी आठवडाभरात एकदाही वाचली नव्हती. ऑरा ऑफ डिव्होशन, म्हणजे बुवांभोवतीचं वलय. बुवांच्या दहा फुटांत उभं असलेल्या स्वकीयांना, बुवांसकट, कुणी मोहात पाडू शकत नाही. मोहात! म्हणजे एका अनोळखी तलवारीच्या नादाला लागून मी नेमकी तीच लेव्हल सोडायला निघाले होते जी घेतली तर कुणाच्या नादाला लागताच येत नाही. एकटीच हसले. नियमांप्रमाणे हे लागू होत नाही, तलवारीने माझ्यावर चार्म टाकलेला नाही. मीच गेले होते तिच्याकडे. पण डीएमला हे त्या "घे की"च्या वेळी ठाऊक असणारच. तिला सगळी लेव्हलची पानं पाठ असतात. मग ती का बोलली नाही?

की बोलायचं तिचं कामच नव्हतं. शपथ तिच्यासमोर घेतली होती, तिने दिवे घालवले, तेवढंच तिचं काम. सांभाळायची ती बुवांनी. हेही काही फार पटत नाहीये, पण रात्री साडेबारा वाजता एवढंच सुचतंय.

पात्राच्या शीटवर पेन्सिलने "पॅलडिन ६" आहे. त्यापुढे एक तिरकी रेघ ओढली, खोडली, परत ओढली. तिथला कागद आता पापडासारखा झालाय.

हे लिहीत होते तेवढ्यात फोन वाजला. विझर्डचा मेसेज. हा माणूस इतक्या उशिरा फक्त नियमांवरच जागा असतो.

"थांब थांब. वॉरलॉक घेतलास तर पॅलडिनची आठवी एक लेव्हल पुढे जाणार. म्हणजे तुझा चारिझ्मा १८ व्हायला उशीर. म्हणजे तुझ्या ऑरातून मला सेव्हला मिळणारे +३ चे +४ कधी होणार? अजिबात घ्यायचं नाही वॉरलॉक. बुवा, मी सांगून ठेवतोय."

(सेव्ह म्हणजे संकटातून वाचायचा फासा. बुवांच्या जवळ उभं राहिलं की त्यात बुवांच्या चारिझ्माचे गुण मिळतात, आणि पॅलडिनच्या आठव्या लेव्हलला चारिझ्मा वाढवता येतो.)

पाठोपाठ दुसरा: "माझं इंटेलिजन्स आणि विझडम सोडून बाकी सगळं बुवांच्या जिवावर चाललंय."

तिसरा: "झोपलीस का?"

पहिला मेसेज तीनदा वाचला. निव्वळ स्वार्थ आहे, एका आकड्यासाठी चाललाय सगळा आटापिटा. तरी मगाचपासून गाल दुखेपर्यंत हसतेय.

उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका दिसू देत त्याला. शनिवारपर्यंत करू दे जरा जागरण.