तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनपेक्षा ग्राइंडर महाग कसा?

दिवाळीच्या फराळाला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर, प्रश्न एकच असतो. "कॉफीचं मशीन एवढ्याला, आणि बिया दळायचं यंत्र त्याच्या दुपटीहून महाग? उलटं झालं ना गं हे?" मग त्या पैशांत काय काय आलं असतं ते ऐकवलं जातं. स्कूटर आली असती. सासूबाईंच्या खोलीत एसी बसला असता. मी "आवड असते एकेकाची" म्हणून विषय संपवते. पण ते उत्तर मलाच पटत नाही. नुसत्या आवडीपायी लाखाच्या वर पैसे घालणाऱ्यांतली मी नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली घट्ट कॉफी. त्यातला दाबाचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. मिलानच्या अकिले गाजियाने 1938 साली पेटंट घेतलं, युद्धानंतर 1948 पासून त्याची तरफेची मशिनं कॅफेंत दिसू लागली, आणि 1961 साली फाएमा कंपनीच्या ई61 मशीनने तरफेच्या जागी विजेचा पंप आणला. आज माझ्या ओट्यावरच्या साध्या गाजिया क्लासिकलाही 58 मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायची दांड्याची वाटी, आहे आणि आत योग्य स्प्रिंग बसवली की तो पंप 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, दाब देतो. पाणी तापवायचं आणि ढकलायचं, एवढंच मशीनचं काम. ते ज्या पुडीतून ढकलायचं, ती कशी पडली आहे यावर मशीनचा काही इलाज नाही.

आणि सगळं त्या पुडीत आहे. 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंद, हे एका एस्प्रेसोचं नेहमीचं गणित. पण पुडीत सगळे कण सारखे कधीच नसतात. कुठल्याही ग्राइंडरमधून थोडी भुकटी पडते, थोडे जाड कण पडतात. कुठे किती, हे ग्राइंडरवर असतं. पाणी जिथे अडथळा कमी तिथून घुसतं. त्या वाटेवरची पूड पार धुऊन निघते आणि कडू होते, बाजूची नुसती भिजते आणि आंबट राहते. एकाच घोटात दोन्ही लागतं. साखर घालून ते झाकता येतं. मी कित्येक महिने झाकलं.

त्या महिन्यांबद्दल मी कोणाशी फारसं बोललेले नाही. माझा जुना ग्राइंडर काही टाकाऊ नव्हता. चांगल्या नावाचा, घरगुती, सपाट बरांचा होता. बर म्हणजे बिया दळणाऱ्या दातेरी पोलादी चकत्या, जात्याच्या दोन तळ्यांसारख्या. सकाळी पहिला शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, 22 सेकंदांत यायचा, दुसरा 35, आणि मी मधे काहीही बदललेलं नसायचं. मग मी हात सुधारायला घेतला. पूड सपाट दाबली जावी म्हणून आरशासमोर मनगट बघत टॅम्प करायची. बारीक सुयांनी गुठळ्या मोडायला शिकले. दळण्याआधी बियांवर पाण्याचा फवारा मारू लागले. दळताना स्थिर विद्युत तयार होते आणि पूड गुठळ्या धरते, त्यावर लोक हा उपाय फार आधीपासून करत होते. 2023मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने त्यामागचं कारण प्रयोगाने दाखवलं. फवाऱ्याने ओट्यावरचा पसारा कमी झाला. कप होता तसाच राहिला.

नवरा एकदा सहज म्हणाला, "बिया त्याच, हात तोच, मग रोज वेगळी कशी लागते गं?" त्याच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते लागलं. स्वयंपाकात माझ्या हाताला वळण आहे हे घरात सगळे मानतात, आणि इथे एक कप धड होत नव्हता. पाहुण्यांना विचारणं मी बंद केलं. चहाच करायची.

शेवटी वाटलं, मशीनच गेलं असणार. परळला कॅफेंची मशिनं दुरुस्त करणारा एक कारागीर आहे, त्याला ठाण्याला बोलावलं. त्याने गास्केट बदललं, पोर्टाफिल्टरला दाबाचं घड्याळ लावून पंप चालवला. काटा नवावर जाऊन थांबला. पाण्याचं तापमान बघितलं. "ताई, मशीनला काही झालेलं नाही." मी म्हणाले, मग माझ्याच हातात काही आहे. तो काही बोलला नाही. ग्राइंडरकडे बघून म्हणाला, "हा उघडू का? आणि घरात व्हाइटबोर्डचं मार्कर आहे का?"

मुलीच्या टेबलावरून निळं मार्कर आणून दिलं. त्याने आधी प्लग काढला. स्क्रू सोडवून वरचा, म्हणजे न फिरणारा बर बाहेर काढला, ब्रशने साफ केला आणि त्याच्या कडेच्या सपाट पट्टीवर गोल फिरवत निळी शाई लावली. पुन्हा बसवला. मग दोन्ही बर एकमेकांना जेमतेम टेकेपर्यंत कॉलर आवळली आणि आतला बर हाताने फिरवला. चर्र असा बारीक आवाज आला. पुन्हा उघडलं. मी चष्मा लावून वाकले. एका बाजूची शाई साफ पुसली गेली होती, पोलाद चकाकत होतं. समोरच्या बाजूची शाई जशीच्या तशी, ओली निळी. बर तिरका बसला होता. एका बाजूला भुकटी पडत होती, दुसऱ्या बाजूने जाड कण निसटत होते, आणि मी इकडे मनगट सरळ करत बसले होते.

"तुमच्या हाताने यात काय होणार?" तो म्हणाला. मी स्वयंपाकघरातून बाहेर गॅलरीत गेले. रडू आलं होतं, ते त्याला दाखवायचं नव्हतं.

त्याने स्वयंपाकघरातल्याच ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे कापून बरच्या मागे, जिथे शाई उरली होती त्या बाजूला घातले. पुन्हा शाई, पुन्हा आवळणं, पुन्हा उघडणं. फॉइलचा एक पदर वाढवला, एक काढला. दुपार तिथेच गेली. शेवटी शाई गोल सगळीकडून जवळपास सारखी पुसली गेली. त्या संध्याकाळचा शॉट मी बिनसाखरेचा प्यायले. चिकमगळूरच्या, सिलेक्शन 795 या कॉफीच्या वाणाच्या बिया होत्या. त्यात संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आहे असं पाकिटावर छापलेलं असायचं, आणि ती मला जाहिरात वाटायची. ते होतं.

मग फॉइलवरच भागलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण साफ करायला बर काढला की फॉइल सरकायचं आणि सगळं पहिल्यापासून. विक्रेत्याला फोटो पाठवले. "हे मर्यादेत बसतं" असं एका ओळीचं उत्तर आलं. कोणाची मर्यादा, ते लिहिलं नव्हतं. तेव्हा ठरवलं की यापुढे पैसे द्यायचे ते अचूक बसलेल्या धातूचे, आणि तो तसाच राहण्याचे. माझ्या आत्याला हे सांगितलं तर तिला क्षणात कळलं. "जात्याला टाकी लावून घ्यायचो आम्ही, नाहीतर नुसती भरड पडायची," म्हणाली. तिने किंमत विचारली नाही.

मी घेतला तो लगोम पी64. 64 मिलिमीटरचे सपाट बर, फेऱ्यांचा वेग कमीजास्त करता येतो, दळण बारीक-जाड करायला पायऱ्या नसलेली, हवी तिथे थांबणारी चकती, आणि वर बियांची मोठी टाकी नाही. लागतील तेवढ्या बिया मोजून टाकायच्या. जुन्या ग्राइंडरच्या पोटात कालची पूड उरायची आणि आजच्या कपात यायची, तो प्रकार गेला. मोठमोठे 83 आणि 98 मिलिमीटरचे बरही आहेत. 2013 साली मेलबर्नला कॉफी करणाऱ्यांच्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत मॅट पर्जर या स्पर्धकाने मालकोनिग कंपनीचा ईके43 ग्राइंडर एस्प्रेसोसाठी वापरला, तो 98 मिलिमीटरच्या बरांचा. मूळचा दुकानातला ग्राइंडर, आणि त्यानंतर सगळ्या कॅफेंची मान तिकडे वळली. मला तो नको होता. माझ्या ओट्यावर त्याला जागा नाही आणि सकाळी सहाला तेवढा आवाज शेजारी सहन करणार नाहीत.

शंकूच्या आकाराचे बर घ्यावेत की सपाट, यावर मी आजही ठाम नाही. शंकूच्या बरांची कॉफी जाड, गोलसर लागते, सपाटची मोकळी, एकेक चव वेगळी कळणारी. मी हलक्या रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या, बियांची कॉफी पिते म्हणून सपाट. हलका रोस्ट दगडासारखा टणक असतो, तो बारीक आणि समान दळायला मोटरमध्ये आणि बरमध्ये दम लागतो. काळपट रोस्ट चुरमुऱ्यासारखा फुटतो, त्याला एवढं काही लागत नाही.

आता जे सहसा सांगत नाही ते. दूध घातलं की मला फरक कळत नाही. नणंदेने डोळे बांधून दोन कापुचिनो दिल्या, एक फॉइलवाल्या जुन्या ग्राइंडरची, एक नव्याची, आणि मी चुकीचं बोट दाखवलं. त्यावर घरात झालेला आनंद तुम्ही बघायला हवा होता. नुसत्या एस्प्रेसोत मी बरोबर ओळखलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

ग्राइंडर घेण्याआधीची मी तुमच्याच बाजूने बोलायची. एवढा खर्च म्हणजे अतिरेक, हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर पंचवीस-तीस हजारांच्या आत तेच दळण देतो, असं मी बहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि ते चूक नव्हतं. ज्याला सकाळी एकच कप करायचा आहे आणि ज्याचं मनगट धड आहे, त्याने तोच घ्यावा, असं मी अजूनही सांगते. माझं मनगट कीबोर्डने आधीच गेलंय आणि आमच्याकडे सकाळी तीन कप लागतात. त्या वेळच्या मला हे मनगट माहीत नव्हतं.

ती आधीची मी आणखी एक म्हणायची: बारीक दळ, अजून बारीक दळ. त्यावर मात्र तिने त्याच हेंडन यांच्या गटाचं 2020चं काम वाचायला हवं होतं. एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं की पाणी सगळ्या पुडीतून सारखं जातच नाही, पुडीतून कपात उतरणारा अर्क उलट घटतो, आणि थोडं जाड दळून, 20ऐवजी 15 ग्रॅम पूड घेतली तर शॉट जास्त एकसारखे येतात. मी जुन्या ग्राइंडरवर 15 ग्रॅमवर करून बघितलं. बरंच सुधारलं. म्हणजे नव्या ग्राइंडरची गरजच नव्हती का? काही सकाळी मला तसं वाटतं. मग हलक्या रोस्टचं नवं पाकीट उघडते, पहिला शॉट 28 सेकंद, दुसरा 28, आणि तो विचार जातो.

जुना ग्राइंडर भाचीला दिला, ती पुण्याला असते. फॉइल कसं घालायचं ते तिला दाखवलं, निळं मार्करही दिलं. गेल्या महिन्यात तिच्याकडची कॉफी प्यायले. चांगली होती, अगदी चांगली. "मावशी, मग तू एवढे पैसे का घातलेस?" तिनेही विचारलंच. मी म्हटलं, तुझ्या बिया मध्यम रोस्टच्या आहेत, पुढच्या वेळी माझ्या घेऊन येते, तुझ्याच ग्राइंडरवर दळू. ती म्हणाली, आण.